पांदणीची वाट

डांबरी रस्त्याचा एक मोठा दुर्गुण असा, की तो प्रवाशाला विचारात पाडीत नाही. त्याच्यावर पाऊल ठेवले, की कोठे जावयाचे ते तोच ठरवितो. आपण फक्त पाय हलवावयाचे. मुरमाच्या कच्च्या वाटेचे तसे नाही. ती पावलोपावली प्रश्न विचारते. हा दगड डावीकडून टाळाल की उजवीकडून? हा चिखल ओलांडाल की परत फिराल? ही फाटलेली वाट कोणाच्या अंगणात संपते, ठाऊक आहे का? गेल्या डिसेंबरात अशा एका वाटेने आम्हांलाही एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्हांला त्या वेळी देता आले नाही. ते या वार्षिकांकाच्या पानांवर द्यावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

आमचे चित्रकलाशिक्षक मित्र हे सायकलचे मोठे भक्त. वर्षभर पैसे साठवून त्यांनी 'ग्रॅव्हल' जातीची एक सायकल घेतली. वाकड्या शिंगांसारखे हँडल, 40 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि खडीवरून, मातीवरून धावण्याची तयारी, ही तिची लक्षणे. ती आल्यापासून शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय म्हणून उरला नाही. त्यांच्याकडूनच आम्हांला कळले, की अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी 2006 सालापासून खडीच्या वाटांवर 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरांची शर्यत भरते. आणि 2022 साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. त्याच इटलीच्या टस्कनी प्रांतात द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या पांढऱ्या मातीच्या जुन्या वाटा आहेत. त्या डांबराखाली गडप होऊ नयेत म्हणून 1997 साली काही सायकलप्रेमींनी जुन्या सायकलींवरून त्या वाटांची यात्रा सुरू केली. लोक येऊ लागले, तशी त्या वाटांची किंमत गावकऱ्यांनाही कळू लागली.

हे सर्व ऐकून आम्ही आमच्या जुन्या काळ्या सायकलीकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. हिच्या टायरवर 28 × 1½ असा आकडा कोरलेला आहे. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर. मित्राच्या नव्या सायकलीत आणि हिच्यात रुंदीचा फरक तो काय दोन मिलिमीटरांचा! म्हणजे ज्या सायकलीवर दूधवाले, पोस्टमन आणि मास्तर यांनी पिढ्यान् पिढ्या खेडी पालथी घातली, ती न कळत खडीचीच सायकल होती. रुंद टायर, त्यात थोडी कमी हवा, एवढेच यातील शास्त्र. कमी हवेचा टायर लहान दगड आपल्या पोटात सामावून घेतो. टणक टायर त्याच दगडावर सायकल आणि स्वार दोघांनाही उचलून आपटतो, आणि उचलण्यात खर्ची पडलेले बळ पुढे जाण्याच्या कामी येत नाही. ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्याला पहिल्यापासून ठाऊक होती. त्याने फक्त तिला इंग्रजी नाव दिले नव्हते.

आता सायकली झाल्या, नाताळाची सुटी जवळ आली. वाट मात्र हवी होती. नकाशांत राजमार्ग होते, जिल्हामार्ग होते. वावरांतून जाणाऱ्या वाटा नव्हत्या. आणि नेमकी तशी एक वाट आमच्याच टेबलावर, तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात, पडून होती.

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. आठवीच्या वर्गाला आम्ही 'माझ्या गावाची वाट' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका विद्यार्थिनीने मोहगावच्या वाटेवर दोन पाने लिहिली. मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौसर तालुक्यात हे मोहगाव आहे. मुलीने मराठीतून शिकावे अशी घरच्यांची इच्छा, म्हणून ती नागपुरात मामाकडे राहून आमच्या शाळेत येते. तिच्या निबंधाचा सारांश असा: गावाच्या आखरावरून बंडीची पांदण लागते, बिब्याच्या झाडापाशी ती उजवीकडे वळते, रपट्यावरून नदी ओलांडते, तलाव झाला तेव्हा पुढची पांदण पाण्यात गेली, म्हणून आता पाळीवरून जावे लागते, मग चार वावरे धुऱ्याधुऱ्याने ओलांडली, की पाचवे वावर आजोबांचे, तेथे कोठा आहे, आणि पीक उभे असले की रात्री जागल असते.

या निबंधात आम्ही लाल शाईने सात शब्दांखाली रेघा ओढल्या. पांदणीच्या डोक्यावर 'पायवाट' लिहिले, वावराच्या डोक्यावर 'शेत', धुऱ्यावर 'बांध', बंडीवर 'बैलगाडी', कोठ्यावर 'गोठा'. आखराजवळ 'अर्थ अस्पष्ट' असा शेरा दिला आणि जागलीपुढे एक प्रश्नचिन्ह काढले. दहापैकी पाच गुण दिले. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पण निबंध कसा लिहू नये याचे उदाहरण म्हणून त्यातली दोन वाक्ये आम्ही वर्गात मोठ्याने वाचली. वर्ग हसला. आम्हीही थोडे हसलो असू. त्यानंतर त्या मुलीच्या निबंधांची लांबी अर्ध्या पानावर आली. त्यांत चुका सापडेनाशा झाल्या, आणि आम्ही ती तिची प्रगती समजलो.

मित्राने तो निबंध वाचला आणि टेबलावर थाप मारून म्हटले, "ही पाहा वाट! झाडासकट, नदीसकट. आणखी काय हवे?" आम्ही ती वाट एका कागदावर उतरून घेतली. मुलीला मात्र काही विचारले नाही. का विचारले नाही, ते आज कळते.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे निघालो. नागपूर ते सौसर हे अंतर सुमारे 70 किलोमीटर. सावनेर, केळवद मागे टाकीत राज्याची सीमा ओलांडावी लागते. ही सीमा डोळ्यांना दिसत नाही. अलीकडे कपाशी, पलीकडे कपाशी. अलीकडे संत्री, पलीकडेही संत्री. फक्त पाट्यांवरची भाषा बदलते. 1956 सालापर्यंत ही सीमा येथे नव्हतीही. नागपूर हीच त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याच्या दक्षिणेकडील सौसर आणि पांढुर्णा हे मराठी बोलणारे तालुकेही त्याच्यासोबत राहिले. 2023 साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. त्याहूनही मागे गेले, तर नाते उलटेच दिसते. अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने, आणि ते देवगड याच छिंदवाड्याच्या डोंगरांत आहे. म्हणजे ज्या शहरात बसून आम्ही मोहगावची भाषा सुधारीत होतो, ते शहरच मुळी या डोंगरांतल्या राजाने वसविलेले!

नागपूर-छिंदवाडा मार्गावर पूर्वी अरुंद रुळांची छोटी गाडी धावत असे. 2015 साली ती रुंदीकरणासाठी थांबली, आणि आता सौसरवरून मोठी गाडी जाते. रस्त्यात गणवेशातील मुली सायकलींवरून शाळेला जाताना भेटल्या. दूरच्या गावांहून सरकारी शाळेत येणाऱ्या सहावीच्या व नववीच्या मुलामुलींना राज्य सरकारकडून सायकली मिळतात. मित्राने आपल्या वाकड्या हँडलावरून मान उचलून त्यांना नमस्कार केला. त्यांतली एक हसत पुढे निघून गेली. आणि खरोखरच पुढे निघून गेली, आम्हांला तिला गाठता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहगावात शिरलो. गावाच्या नावातच मोह आहे, आणि परिसरात मोहाची झाडे आहेत, तेव्हा नावाची उत्पत्ती शोधावयास फार लांब जावे लागू नये. सर्पा नदीच्या काठी येथे अर्धनारीश्वराचे प्राचीन देवस्थान आहे. शिव आणि शक्ती एकाच देहात पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. जवळच जामसावळीला पिंपळाखाली निजलेल्या मारुतीची मूर्ती आहे. शनिवारी व मंगळवारी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. सर्पेचे पाणी जाम नदीला, जामचे कन्हानला, कन्हानचे वैनगंगेला मिळते. पांढुर्ण्याच्या पश्चिमेकडून वर्धा नदी आपल्या वेगळ्या वाटेने खाली उतरते. आणि शेकडो मैलांचा फेरा घेऊन वर्धा व वैनगंगा या दोघी एकत्र येतात, त्यांची प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आमचा जन्म पश्चिम समुद्राच्या काठचा. आमच्या नद्या सकाळी डोंगरातून निघाल्या तर दुपारपर्यंत समुद्रात! एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेले पाणी पाहून आम्ही रपट्यावर बराच वेळ उभे राहिलो.

याच जाम नदीच्या काठी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, हे आमच्या वाचकांनी ऐकलेच असेल. नदीच्या दोन काठांवरून माणसे एकमेकांवर दगड फेकतात, आणि दर वर्षी कित्येक जण जखमी होतात. नदीचे तेच गोटे रस्त्यात पसरले, तर दोन गावे जोडतात. दगडाचा दोष नाही. तो कोणाच्या हातात कशासाठी आहे, एवढाच प्रश्न आहे. आमच्या हातातल्या लाल पेनाचा विचार मात्र त्या वेळी आमच्या मनात आला नाही.

आखर आम्हांला कोणी दाखवावा लागला नाही. गावाबाहेर मोकळी जागा, तेथे गावची गुरे जमलेली, गुराखी काठी टेकून उभा. सकाळी चरावयास जाण्यापूर्वी गुरे जेथे गोळा होतात ते आखर. 'अर्थ अस्पष्ट' हा आमचा शेरा त्या गुरांच्या मधोमध उभे राहून आठवला, तेव्हा अर्थ अस्पष्ट नव्हता, आमचे ज्ञान अस्पष्ट होते, हे कबूल करावे लागले. या एका शब्दाच्या जागी घालावयास आमच्याकडे दुसरा शब्दही नव्हता.

आखरावरून पांदण सुरू झाली. दोन्ही बाजूंस बाभळी, बोरी, पळस. मध्ये बंडीच्या चाकांनी घासून केलेल्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये गवताची पट्टी. पायवाट ही माणसाच्या पायांनी होते. पांदण ही बंडीच्या चाकांनी आणि गुरांच्या खुरांनी होते, आणि ती गावाच्या सामाईक मालकीची असते. म्हणजे आमची दुरुस्ती हीच चूक होती! या वाटेवर कोठे काळ्या दगडाचा मुरूम लागे, कोठे पांढरी गार चकाके. या भागात दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण संपत येतो आणि त्याच्या खालचे कितीतरी जुने खडक वर डोकावतात. मँगनीज ज्या खडकांत सापडते, त्यांच्या एका समूहाला भूशास्त्रज्ञांनी सौसरचेच नाव दिले आहे. मित्र दगड उचलून खिशात भरीत होता. आम्ही शब्द भरावयास सुरुवात केली होती, पण त्याला तसे सांगितले नाही.

बिब्याचे झाड लागले, उजवीकडे वळलो, आणि पुढे फजिती ठेवलेलीच होती. दोन्ही बाजूंस संत्र्यांचे बगीचे. आंबिया बहाराची फळे बहुतेक उतरली होती, मृग बहाराची हिरवीच होती, आणि बागांचे ओलीत चालू असल्यामुळे पाणी पांदणीत उतरले होते. काळ्या मातीचा स्वभाव विलक्षण आहे. उन्हाळ्यात ती आक्रसून हातभर भेगा पाडते. पाणी लागले की फुगते, आणि मग जे हाती लागेल ते सोडीत नाही. दहा पावलांत आमच्या चाकाचा लाडू झाला. चिखलपट्टी आणि टायर यांच्यामध्ये माती अशी ठासून बसली, की चाक फिरेचना. मित्राची नवी सायकलही, रुंद टायर असो वा नसो, तेथेच थांबली. जगज्जेत्यांच्या वाहनाला मोहगावच्या मातीने एका मिनिटात धडा शिकविला.

समोरून एक बंडी आली. हाकणारे वृद्ध गृहस्थ होते. आम्ही घाम पुशीत विचारले, "महाशय, ही पायवाट जलाशयाकडे जाते काय?"

त्यांनी आम्हांला आपादमस्तक न्याहाळले आणि आदराने उत्तर दिले, "सीधे जाइए बाबूजी, आगे डैम है।"

आम्ही चाट पडलो. आमची शुद्ध मराठी त्यांना मराठीच वाटली नाही! ती कोणा सरकारी साहेबाची भाषा समजून त्यांनी सरकारी भाषेत उत्तर दिले. मित्र हसू दाबीत होता. आम्ही खिशातला कागद काढला आणि जरा चाचरत म्हटले, "ही पांदण तलावाच्या पाळीवर निघते का जी?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "निघते न जी! मराठीच हाये म्हना न तुमी! पन आता ओलीत सुरू हाये, गाऱ्यात चाकं फसतीन. धुऱ्यानं जा, धुऱ्यानं." एवढे बोलून ते बंडीवरून उतरले, बाभळीची एक काटकी मोडून त्यांनी स्वतः आमच्या चाकातली माती खरवडून काढली, आणि "घाई नाही करा लागत मातीसंग," असे म्हणून पुढे गेले.

धुऱ्यावरून सायकली हाताने ढकलीत असताना आमच्या मनात आमच्या घरची भाषा जागी झाली. वाचकहो, आमची मातृभाषा कोंकणी. शेताच्या बांधाला आमच्याकडे 'मेर' म्हणतात. दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या अरुंद वाटेला आमच्या गावी 'पाणंद' म्हणतात. पाणंद आणि पांदण! एकाच शब्दाची अक्षरे जागा बदलून अरबी समुद्राच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोचली होती, आणि आम्ही आपल्याच घरच्या शब्दाखाली लाल रेघ ओढली होती. पण याहूनही मोठा धक्का 'वावर' या शब्दाने दिला. कोंकणीत वावर म्हणजे काम, कष्ट. दिवसभर राबणारा तो 'वावराडी'. आमची आई संध्याकाळी कंबर धरून म्हणे, आज खूप वावर झाला. मोहगावात ज्या जमिनीवर कष्ट करावयाचे ती वावर, आमच्या गावी त्या जमिनीवर जे करावयाचे ते वावर. हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत की योगायोगाने सारखे दिसतात, हा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. आमच्यापुरते त्या दिवशी ते सख्खे भाऊ होते.

आणि त्याबरोबरच एक जुनी गोष्ट आठवली. आम्ही दुसरीत असताना शाळेत तहान लागली म्हणून 'उदक' मागितले होते. घरी तोच शब्द होता. शिक्षकांनी तो शब्द सर्व वर्गाकडून आमच्या समोर तीन वेळा म्हणवून घेतला आणि मग 'पाणी' म्हणावयास शिकविले. पाणी मिळाले, पण पुढे कित्येक महिने आम्ही शाळेत तहान लागल्याचे कोणास सांगितले नाही. उदक हा शब्द संस्कृतात आहे, देवपूजेत आहे, हे आम्हांला पुढे पदवीच्या वर्गात कळले. तोवर त्याची लाज वाटून गेली होती. 1992 साली कोंकणीला भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. आमच्या मनात तिला परत स्थान मिळण्यास मात्र मोहगावचा धुरा लागला.

पुढे पाळ आली. तिच्यावर चढताच मोहगावचा जलाशय एकदम समोर पसरला. उत्तरेकडे सातपुड्याची निळी भिंत, पाण्यावर पाणकावळे, काठाला बदकांची एक रांग. आणि पाण्याच्या कडेला ती निबंधातली गोष्ट प्रत्यक्ष दिसली: दोन चाकोऱ्या सरळ चालत येऊन पाण्यात उतरल्या होत्या. जणू एखादी बंडी आत्ताच आत गेली असावी. या पाण्याने बागा पिकतात, हे खरे; आणि त्याखाली कोणाची तरी जुनी वाट आहे, हेही खरे. आठवीतल्या मुलीने ही गोष्ट एका ओळीत लिहिली होती. आम्ही तीत पांदणीखाली रेघ ओढण्यापलीकडे काही पाहिले नव्हते.

चार वावरे धुऱ्याधुऱ्याने ओलांडली. पाचव्या वावरात कोठा होता, कोठ्यापुढे खाट होती, आणि एक आजी कपाशीच्या बोंडांतला कचरा वेचीत बसल्या होत्या.

"कोन्या गावचे जी पाहुणे?"

आम्ही नागपूरचे, आणि आपल्या नातीचे शिक्षक, असे सांगताच त्यांची धांदल उडाली. "माय वो! गुरुजी आले!" खाटेवर घोंगडी अंथरली गेली, पाणी आले, भाकर आली, मिरचीचा ठेचा आला, आणि आम्ही नको म्हणत असता ओट्यात मावणार नाहीत एवढी संत्री आली. आजोबा रात्रभर जागलीवर होते. रानडुकरांनी आणि रोह्यांनी तूर सोडली नव्हती. ते कोठ्यात झोपले होते. जागलीपुढचे आमचे प्रश्नचिन्ह त्यांच्या घोरण्याने पुसले गेले.

जेवणे झाल्यावर आजी जवळ येऊन बसल्या. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी हळूच विचारले, "गुरुजी, पोरगी शिकते न बरोबर?"

"हुशार आहे," आम्ही म्हणालो.

"दिवाळीत आली त बोलेच ना. म्या म्हनलं, बाई, चाल वावरात. त म्हने, 'आजी, वावर नाही, शेत म्हनाव. तुझं बोलनं शाळेत चालत नाही.' " आजी हसल्या, पण ते हसणे डोळ्यांपर्यंत गेले नाही. "मले शाळा नाही जी. खरं हाये का, गुरुजी? आमचं बोलनं चुकीचं हाये का?"

हाच तो प्रश्न. आम्ही मराठी शिकवितो; भाषेवर तासभर बोलावयास सांगितले तर बोलू. पण त्या खाटेवर, त्यांची भाकर खाऊन, आम्हांला एवढेच म्हणता आले, "नाही, आजी, तसे काही नाही." त्या 'बरं' म्हणाल्या आणि पुन्हा कापूस वेचू लागल्या. त्यांना उत्तर मिळाले नाही, हे त्यांना कळले होते. आम्हांलाही कळले होते. जो शब्द आम्ही लाल शाईने कापला, त्याच्याबरोबर एका नातीचे आजीशी बोलणेही कापले गेले होते, आणि ते आम्ही करून मोकळे झालो होतो.

परतीच्या वाटेवर मित्राला सर्व सांगितले. त्याने उपदेश केला नाही. तो त्याचा स्वभाव नव्हे. एवढेच म्हणाला, "चूक वर्गात झाली ना? मग वर्गातच दुरुस्त कर."

सुटी संपली. पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावर 'वावर' हा शब्द लिहिला. तिसऱ्या बाकावरची मान खाली गेली. आम्ही वर्गाला आमची मोहगावची फजिती सांगितली. चाकाचा लाडू, 'बाबूजी' आणि 'महाशय' सर्व सांगितले. वर्ग पोट धरून हसला. या वेळी आमच्यावर हसला, आणि ते योग्यच होते. मग उदकाची गोष्ट सांगितली, तेव्हा कोणी हसले नाही. शेवटी सर्वांसमोर त्या मुलीची क्षमा मागितली आणि वही परत मागून घेतली. पाचांचे आठ गुण केले. दोन शुद्धलेखनाच्या चुका खऱ्याच होत्या. त्यांचे गुण कापलेलेच ठेवले. क्षमा मागितली म्हणून ऱ्हस्वाचे दीर्घ होत नाही.

कोणी म्हणेल, मग प्रमाण भाषा शिकवावयाचीच नाही काय? अवश्य शिकवावयाची. परीक्षेला, कचेरीला, आणि मुख्य म्हणजे दूरच्या माणसाला आपले मन कळविण्याला ती हवीच. मोहगावला जावयाचे तर नागपूर-सौसरचा डांबरी रस्ता आम्हांलाही लागलाच. पण तो रस्ता आजीच्या वावरापर्यंत जात नाही. तेथे पांदणच जाते. ज्याला दोन्ही वाटांवर सायकल हाकता येते तो अधिक शिकलेला, हे आम्हांला तिशी उलटल्यावर कळले. आमच्या विद्यार्थ्यांना ते आजच कळावे.

त्या दिवशी वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक कोरा तक्ता लावला. प्रत्येकाने घरातला एक शब्द आणावा आणि त्याचा अर्थ पुढे लिहावा, एवढाच नियम. पहिला शब्द आम्ही लिहिला: 'मेर'. आठवड्यात तक्त्यावर वीस शब्द जमले. त्या मुलीचा एकही नव्हता. आम्ही विचारले नाही. मातीशी घाई करू नये, हे आम्ही शिकून आलो होतो.

दहाव्या दिवशी सकाळी तक्त्यावर एक नवी ओळ दिसली. अक्षर ओळखीचे होते. 'जागल: पीक उभे असताना रात्री वावरात जागून ते राखणे. माझे आजोबा थंडीत जागलीला जातात.'

हा लेख त्या मुलीला वाचून दाखवूनच छापावयास दिला आहे. तिने फक्त एके ठिकाणी दुरुस्ती सुचविली. बिब्याचे झाड आम्ही डाव्या हाताला लिहिले होते, ते उजव्या हाताला आहे. दुरुस्ती केली. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "सर, आजीला फोनवर सांगितलं."

"काय सांगितलेस?"

"वावर चालते म्हणून."